नादाचा मापारी

वऱ्हाडच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगेत चिखलदरा हे थंड हवेचे रमणीय ठिकाण आहे. तेथील पंचबोल ही जागा फार प्रसिद्ध आहे. पायथ्याशी खोल दरी आणि पलीकडे ताठ उभे असलेले कडे. अलीकडच्या टोकावरून कोणी मोठ्याने हाक मारली, की ती समोरच्या कड्यांवर आदळून पुनःपुन्हा परत येते. डोंगरच आपल्या हाकेला ओ देत आहेत असे वाटते आणि मुले आनंदाने टाळ्या पिटतात.

परंतु मुलांनो, हीच गोष्ट एखाद्या मोठ्या सभागृहात घडली तर काय होईल? वक्ता बोलू लागला, की त्याचा पहिला शब्द भिंतीवर आदळून परत येतो. तो विरण्यापूर्वीच दुसरा शब्द बाहेर पडतो. त्यावर तिसरा आदळतो. शब्दात शब्द मिसळतात आणि मागे बसलेल्या श्रोत्यांच्या कानी केवळ गलका पडतो. गाणे असेल, तर एका स्वरावर दुसरा स्वर चढतो. तबल्याचे स्वच्छ बोल एकमेकांत कालवले जातात. मोठ्या क्रीडागृहात खेळाडूंना पंचांचा निर्णय ऐकू येत नाही. शिटी एकदाच वाजते. परंतु तिचा कर्कश नाद कितीतरी वेळ पत्र्याच्या छपराखाली घुमत राहतो.

दूरच्या कड्यावरून एकदा स्पष्टपणे परत येणाऱ्या आवाजास प्रतिध्वनी म्हणतात. बंद जागेत भिंती, छत आणि जमीन यांवर असंख्य वेळा आदळून जो आवाज मागे रेंगाळत राहतो, त्यास निनाद म्हणतात. हा निनाद किती वेळ टिकेल हे अगोदर गणिताने सांगता येते आणि तो हवा तितका कमीही करता येतो, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी जगात कोणास ठाऊक नव्हती. ती ज्याने अविश्रांत परिश्रम करून सिद्ध केली, त्या वॉलेस क्लेमंट सॅबाइन या शास्त्रज्ञाचे हे चरित्र आहे.

वॉलेसचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात रिचवुड या लहानशा गावी झाला. मुलांनी उत्तम विद्या संपादन करावी, अशी त्याच्या आईची तीव्र इच्छा होती. मुलगाही तसाच बुद्धिमान आणि कष्टाळू निघाला. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, तो ओहायो राज्य विद्यापीठाचा (ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी) पदवीधर झाला. पुढील शिक्षणासाठी तो बॉस्टन शहरालगतच्या विख्यात हार्वर्ड विद्यापीठात गेला. तेथे पदार्थविज्ञानाचा अभ्यास करून त्याने एम. ए. ची पदवी मिळविली आणि त्याच विद्यापीठात तो अध्यापन करू लागला.

सॅबाइन यांना शिकविण्याची मनापासून आवड होती. प्रयोग करावा तर तो नेटका, उपकरण बनवावे तर ते अचूक, असा त्यांचा बाणा होता. तोवर त्यांचे काम प्रकाश आणि वीज या विषयांत चाले. ध्वनी हा काही त्यांचा विषय नव्हता. पण कित्येकदा माणूस आपले कार्य शोधीत नाही. कार्यच त्याला शोधीत येते. सॅबाइन यांच्या बाबतीत असेच घडले.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत बांधून झाली. तिच्यात व्याख्यानांसाठी एक अर्धवर्तुळाकार दालन होते. दालन दिसावयास सुरेख होते; परंतु पहिल्याच व्याख्यानांच्या वेळी त्याचा दोष उघड झाला. तेथे बोललेला एक शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. तेवढ्या अवधीत वक्त्याच्या मुखातून पुढची बारा-पंधरा अक्षरे बाहेर पडत. मग श्रोत्यांना काय समजणार? ज्या दालनात विद्या द्यावयाची, तेथे गुरूचे बोलणेच शिष्याच्या कानी पोहोचत नव्हते. सारा खर्च वाया गेल्यासारखा झाला.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम सॅबाइन यांच्याकडे सोपविले. सॅबाइन तेव्हा केवळ सत्तावीस वर्षांचे होते. हे काम हाती घेण्यात काही अर्थ नाही, असे मोठमोठ्या अध्यापकांना वाटे. त्याला कारणही तसेच होते. सभागृह ऐकण्यास चांगले निघणे अथवा वाईट निघणे, हा त्या काळी केवळ दैवाचा खेळ समजला जाई. चांगल्या निघालेल्या गृहाची लांबी-रुंदी पाहून कोणी दुसरे गृह बांधी आणि ते नेमके बिघडे. निनाद मोडण्यासाठी कोणी दालनात आडव्या-उभ्या तारा ताणून बसवी. त्यांचा कवडीचाही उपयोग होत नसे.

आपल्याकडेही याहून निराळी स्थिती नव्हती. विजापूरच्या गोल घुमटात एका बाजूस केलेली कुजबुज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. पण त्याच घुमटाखाली व्याख्यान द्यावयाचे म्हटले, तर शब्दांचा नुसता गोंधळ होतो. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता. नाटक मंडळ्या अमरावती, अकोला अशा वऱ्हाडातील संपन्न शहरांत मुक्काम टाकीत. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हते. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आपले पद पोहोचविणे हे सर्वस्वी नटाच्या गळ्यावर आणि नाट्यगृहाच्या गुणावर अवलंबून असे. पुढे १९१५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले. ते आज गायक नट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. अशा वास्तू अनुभवी कारागिरांच्या जाणत्या नजरेतून निर्माण होत. अनुभव मोठा गुरू आहे खरा. परंतु अनुभवाला मोजमापाची जोड मिळाल्यावाचून शास्त्र जन्मास येत नाही.

सॅबाइन यांनी पहिले कोणते काम केले असेल, तर ते मोजण्याचे. धान्याच्या बाजारात मापारी धान्याच्या राशीचा नुसता अंदाज बांधून थांबत नाही. तो माप भरभरून मोजतो. निनादाचे माप कोणते? सॅबाइन यांनी ठरविले, की आवाज बंद केल्यापासून तो कानाला ऐकू येईनासा होईपर्यंत जो काळ जातो, तो मोजावयाचा. यालाच आपण निनादकाल म्हणू. त्यांनी ऑर्गन वाद्याची एक नळी घेतली. तिच्यातून दर सेकंदाला ५१२ कंपने होणारा एकच स्थिर स्वर निघे. हा स्वर थांबविल्याच्या क्षणाची नोंद करणारे एक कालमापक यंत्र त्यांनी जोडले. त्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत काळ वाचता येई. मात्र आवाज केव्हा विरला हे ठरविण्यासाठी त्यांच्याजवळ एकच साधन होते, ते म्हणजे स्वतःचा कान.

असा प्रयोग दिवसा करणे शक्य नव्हते. रस्त्यावर ट्रामगाड्यांची खडखड चाले, माणसांची वर्दळ असे. म्हणून सॅबाइन यांनी मध्यरात्रीची वेळ निवडली. सारे नगर निद्राधीन झाले, की ते आपल्या साहाय्यकांसह फॉगच्या दालनात येत. जवळच सँडर्स थिएटर नावाचे विद्यापीठाचे दुसरे सभागृह होते. तेथे वक्त्याचे बोलणे चांगले ऐकू येई. त्याच्या बैठकींवर मऊ गाद्या होत्या. त्या गाद्या उचलून फॉगच्या दालनात आणावयाच्या, मांडावयाच्या, निनादकाल मोजावयाचा, पुन्हा आणखी गाद्या आणावयाच्या आणि पुन्हा मोजावयाचे, असा क्रम रात्रभर चाले. सँडर्स थिएटरमध्ये दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असत. त्यामुळे उजाडण्यापूर्वी प्रत्येक गादी पुन्हा आपल्या जागी नेऊन ठेवावी लागे. रात्री गाद्यांची हमाली आणि दिवसा वर्गात अध्यापन, असा हा दुहेरी व्याप त्यांनी हसतमुखाने सांभाळला.

गाद्याच कशासाठी? याचे उत्तर वऱ्हाडातील मुलांना सहज देता येईल. सरकीच्या हंगामात घराची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली असते. तिच्यात जाऊन बोलून पाहा. आवाज दबका वाटतो, मुळीच घुमत नाही. तीच खोली कापूस विकल्यावर रिकामी झाली, की साधे खाकरणेही घुमू लागते. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. दगड, सिमेंट, काच, पत्रा अशा कठीण पृष्ठभागांवर ते आदळले, की चेंडूप्रमाणे परत फिरते. मऊ, सच्छिद्र पदार्थात ते शिरले, की तेथील सूक्ष्म पोकळ्यांत घासून घासून त्याची शक्ती नाहीशी होते. यालाच ध्वनीचे शोषण म्हणतात. कापूस, लोकर, जाड पडदे, गाद्या आणि अंगभर वस्त्रे घातलेली माणसे हे सारे ध्वनी शोषून घेतात.

रिकाम्या दालनाचा निनादकाल ५.६२ सेकंद होता. सुमारे आठ मीटर लांबीच्या गाद्या आणताच तो ५.३३ सेकंद झाला. गाद्या वाढत गेल्या, तसतसा तो उतरत गेला. अखेर सँडर्स थिएटरमधील सर्व गाद्या आणून बैठकींवर, वाटांवर, व्यासपीठावर मांडल्या आणि मागच्या भिंतीशी उभ्या लावल्या. तेव्हा तो केवळ १.१४ सेकंद उरला. जे दालन निकामी ठरले होते, तेथे आता बोललेले स्पष्ट समजू लागले.

केवळ एका दालनावर सॅबाइन थांबले नाहीत. विद्यापीठातील अनेक खोल्यांत त्यांनी अशीच मोजमापे घेतली. गालिचे, पडदे, लाकूड, विटा, माणसे, प्रत्येक वस्तू किती ध्वनी शोषते, याची ते नोंद करू लागले. या सर्वांसाठी एकच सामाईक माप हवे होते. ते त्यांना सापडले खिडकीत! उघड्या खिडकीतून जो आवाज बाहेर जातो, तो परत येत नाही. म्हणजे उघडी खिडकी सर्वच्या सर्व आवाज गिळून टाकते. म्हणून उघड्या खिडकीचा एक चौरस मीटर हे त्यांनी शोषणाचे माप ठरविले. दाटीने बसलेल्या श्रोत्यांपैकी एक मनुष्य साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो, असे त्यांना आढळले. सभागृह रिकामे असताना अधिक घुमते आणि भरल्यावर कमी घुमते, याचे कारण हेच.

या कामी त्यांची सत्यनिष्ठा किती कठोर होती, हे दाखविणारी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकदा मोजमापांत अगदी थोडा फरक पडू लागला. उपकरणे तपासली, खोली तपासली. दोष कोठेच सापडेना. अखेर त्यांच्या ध्यानात आले, की प्रयोगाच्या वेळी आपण निरनिराळे कपडे घालतो आणि जाड-पातळ कपड्यांप्रमाणे शोषण बदलते. फरक अगदीच क्षुल्लक होता. दुसऱ्या एखाद्याने त्याकडे काणाडोळा केला असता. सॅबाइन यांनी मात्र अनेक आठवडे जागून मिळविलेली निरीक्षणे बाजूस सारली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. तेव्हापासून प्रयोगाच्या वेळी कोणता पोशाख घालावयाचा, हेदेखील त्यांनी आपल्या वहीत नोंदवून ठेवले. पुढे काही सूक्ष्म प्रयोगांत तर ते लाकडी पेटीत बसत आणि केवळ डोके बाहेर ठेवीत!

असे दोन-तीन वर्षे चालले. अध्यक्ष एलियट आता अधीर झाले होते. त्यांना शास्त्र नको होते, दालन दुरुस्त झालेले हवे होते. १८९८ मध्ये फॉगच्या भिंतींवर केसांपासून बनविलेले जाड नमदे बसविण्यात आले. दालन सर्वोत्तम झाले नाही. पण व्याख्यानास योग्य झाले. विद्यापीठाचे काम भागले. सॅबाइन यांचे मात्र भागले नव्हते. शोषण आणि निनादकाल यांचा नेमका संबंध काय, हा नियम अद्याप त्यांच्या हाती लागला नव्हता.

त्याच वर्षी एक मोठी जबाबदारी त्यांच्यापुढे आली. बॉस्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे संस्थापक हेन्री हिगिन्सन यांना एक भव्य संगीतगृह बांधावयाचे होते. चार्ल्स मॅकिम हे नामांकित वास्तुशिल्पी ते काम पाहत होते. हिगिन्सन यांना एकच चिंता होती. वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक, दोन हजारांहून अधिक श्रोते आणि अपार खर्च. एवढे करूनही गृह बिघडले तर? एलियट यांनी त्यांना सॅबाइन यांचे नाव सुचविले. परंतु हाती निश्चित नियम नसताना दुसऱ्याच्या विश्वासावर होकार देणे सॅबाइन यांना रुचेना. त्यांनी विचारास थोडा अवधी मागून घेतला आणि ते पुन्हा आपल्या नोंदवह्यांत बुडून गेले.

२९ ऑक्टोबर १८९८ च्या रात्री ते आपल्या अभ्यासिकेत ते आकडे पाहत बसले होते. एकाएकी त्यांना इतके दिवस दडून राहिलेला संबंध दिसला. त्यांचा आनंद गगनात मावेना. घरात त्यांची आई होती. हा शोध त्यांनी सर्वप्रथम तिलाच सांगितला.

तो संबंध आपण आपल्या शेतातील उदाहरणाने समजून घेऊ. एका शेतातील कापूस दहा बायका सहा दिवसांत वेचतात. वीस बायका लावल्या तर तोच कापूस तीन दिवसांत वेचला जाईल. बायकांची संख्या आणि दिवस यांचा गुणाकार दोन्ही वेळा साठच येतो. याला व्यस्त प्रमाण म्हणतात. गाद्या आणि निनादकाल यांचेही असेच प्रमाण असावे. पण नुसत्या गाद्या मोजून गुणाकार जमत नव्हता. का? समजा, आपण दहा बायका शेतात पाठविल्या. परंतु त्यांच्याआधीच आणखी चार बायका तेथे वेचणीस लागलेल्या आहेत आणि आपण त्यांना मोजलेच नाही. मग हिशेब कसा जुळावा? सॅबाइन यांना कळले, की दालनाच्या भिंती, छत आणि जमीन ही देखील थोडाथोडा आवाज शोषीत असतात. गाद्यांच्या शोषणात त्यांचे शोषण मिळविले, की प्रत्येक प्रयोगात गुणाकार एकच येतो.

यावरून त्यांनी एक साधे सूत्र बांधले. दालनाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्यास ०.१६ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे; येणारे उत्तर हा सेकंदांतील निनादकाल. दालन जितके मोठे तितका निनाद अधिक; शोषण जितके जास्त तितका निनाद कमी. हे सूत्र आज जगभर सॅबाइन यांच्याच नावाने ओळखले जाते.

आता त्यांनी हिगिन्सन यांना निश्चिंतपणे होकार दिला. नवे संगीतगृह जर्मनीतील लाइपझिग शहराच्या नामवंत संगीतगृहासारखे असावे, असे ठरत होते. परंतु त्यात सुमारे पंधराशे श्रोते बसत आणि बॉस्टनला सव्वीसशेंची सोय हवी होती. मग त्याच आकाराचे, पण सर्व बाजूंनी वाढविलेले गृह बांधावे, असा सोपा मार्ग होता. सॅबाइन यांनी गणित करून दाखविले, की तसे केल्यास घनफळ दुपटीच्याही पुढे जाईल आणि निनाद तीन सेकंदांवर जाऊन संगीत बिघडेल. म्हणून त्यांनी रुंदी आवरली, सज्ज्यांची योजना केली आणि घनफळ सुमारे १८,४०० घनमीटर ठेवले. लाइपझिगच्या गृहाचा निनादकाल त्यांच्या गणिताने २.३० सेकंद होता; बॉस्टनच्या नियोजित गृहाचा आला २.३१. वीटही रचली गेली नसताना तिच्या आतील नादाचा हिशेब मांडला जाण्याची इतिहासातील ही पहिलीच वेळ होती.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी बॉस्टनच्या या संगीतगृहाचे उद्घाटन झाले. पण सॅबाइन यांना निर्भेळ यश लाभले नाही. कित्येकांनी गृहाची वाखाणणी केली. काही संगीतसमीक्षकांनी मात्र त्यास नावे ठेवली. मनस्वी स्वभावाच्या सॅबाइन यांना ती टीका फार लागली. तरीही त्यांनी वाद घातला नाही. ते मूकपणे आपल्या प्रयोगशाळेत परतले. काळाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे अधिक सूक्ष्म उपकरणांनी मोजले असता श्रोत्यांनी भरलेल्या त्या गृहाचा निनादकाल दोन सेकंदांहून थोडा कमी भरला. म्हणजे त्यांच्या आकड्यात सुधारणेस जागा होती; परंतु त्यांची दिशा अचूक होती. आज ते गृह जगातील अत्युत्तम संगीतगृहांमध्ये गणले जाते आणि तेथे अजूनही मैफली होतात.

१९०५ मध्ये सॅबाइन प्राध्यापक झाले. देशोदेशींचे वास्तुशिल्पी त्यांचा सल्ला घेऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते फ्रान्समध्ये गेले. तेथे त्यांनी पॅरिसच्या विद्यापीठात व्याख्याने दिली आणि क्षयरोग्यांच्या मदतीचे काम केले. त्या दगदगीने त्यांना गंभीर आजार जडला. मायदेशी परतल्यावर त्यांनी विश्रांती घ्यावी, शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा आग्रह झाला. पण देश युद्धात होता. विमानदलाला त्यांच्या ज्ञानाची गरज होती. एका बाजूस वॉशिंग्टनमधील सरकारी काम आणि दुसऱ्या बाजूस हार्वर्डमधील विद्यार्थी, अशा खेपा ते करीत राहिले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलीत राहिले. अखेर व्हावयाचे तेच झाले. १० जानेवारी १९१९ रोजी वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या प्रयोगांसाठी इलिनॉय राज्यात खास बांधलेली नवी प्रयोगशाळा नुकतीच तयार झाली होती. तिच्यात मनाजोगे काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांचे सूत्र मात्र त्यांच्या पश्चात जगभर पोहोचले. ध्वनिशोषणाच्या मापास सॅबिन असे नाव देण्यात आले. मुंबईत १९८० मध्ये सुरू झालेले टाटा नाट्यगृह सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाच्या सल्ल्याने बांधले गेले. ध्वनिक्षेपकावाचूनही गाण्यातील बारीक हरकत श्रोत्यांना ऐकू यावी, हा तेथे उद्देश होता. सॅबाइन यांनी रात्री जागून लावलेल्या रोपट्याचेच ते एक फळ होय.

मुलांनो, हे सूत्र तुम्हालाही वापरता येईल. समजा, एक क्रीडागृह ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे. त्याचे घनफळ १०,००० घनमीटर झाले. जमीन सिमेंटची, भिंती गिलाव्याच्या, छत पत्र्याचे. म्हणून एकूण शोषण जेमतेम २०० धरू. सूत्राप्रमाणे निनादकाल येतो ८ सेकंद. तेथे पंचांचा शब्द कसा कळावा आणि बक्षीस समारंभातील भाषण कसे समजावे? अशा वेळी अनेक जण ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवितात. पण आवाज वाढविला की त्याच्याबरोबर निनादही वाढतो. चिखलात पाणी ओतून चिखल कमी होत नाही. खरा उपाय निराळा आहे. छताखाली शोषक पट्टे टांगावेत. चेंडू लागणार नाही अशा उंचीवर भिंतींना छिद्रांच्या लाकडी फळ्या लावून त्यांमागे मऊ थर भरावा. मागच्या भिंतीवर जाड पडदे सोडावेत. असे करून शोषण ८०० पर्यंत नेले, की तोच निनादकाल २ सेकंदांवर येतो.

निनाद पूर्णपणे नाहीसा करावयाचा, असे मात्र नव्हे. वऱ्हाडात गाडगे महाराजांची कीर्तने उघड्या मैदानावर होत. मैदानास भिंती नसतात, म्हणून शब्द घुमत नाही. पण भिंतींचे साहाय्यही मिळत नाही. दूरवर बसलेल्यांना ऐकू जाण्यासाठी सारा जोर कंठालाच लावावा लागतो. बंद सभागृहात भिंती वक्त्याच्या आवाजाला हात देतात. तो हात किती वेळ द्यावा, एवढेच ठरवावयाचे असते. भाषणासाठी सुमारे एक सेकंद पुरे. मोठ्या वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या आसपासचा निनाद गोड लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातील खंजिरीसारखे द्रुत लयीचे वाद्य असेल, तर निनाद आवरताच घ्यावा लागतो. नाहीतर तिच्या थापा एकमेकींत हरवून जातात.

अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत आज क्रीडागृहे, सांस्कृतिक भवने आणि शाळांची सभागृहे उभी राहत आहेत. त्यांचे रंग, दिवे आणि कमानी डोळ्यांना दिसतात. नाद डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा विचार पुष्कळदा राहून जातो आणि मग शेवटच्या रांगेतील मूल व्याख्यानाला येऊनही काही न ऐकताच घरी जाते. त्या मुलाच्या कानापर्यंत प्रत्येक शब्द पोहोचावा, एवढ्यासाठी एका तरुण अध्यापकाने वर्षानुवर्षे रात्री जागून गाद्या वाहिल्या, आपली चुकीची मोजमापे निर्भयपणे बाजूस सारली आणि अंदाजाच्या जागी गणित आणून बसविले. पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी गवंडीकाम करील, कोणी शाळेच्या नव्या सभागृहाच्या समितीवर बसेल. तेव्हा दगड-विटांचा हिशेब मांडताना त्या वास्तूतील नादाचाही हिशेब मांडावा. सॅबाइन यांचे सूत्र त्यासाठी सदैव सिद्ध आहे.